‘इचं ध्यानच नाई राहत’: एका अंगणवाडी सेविकेच्या पत्राला उत्तर

पत्र असं आहे:

‘मी ३४ वर्षांची, यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यात अंगणवाडी सेविका. मागच्या महिन्यात माझ्या नऊ वर्षांच्या पोराला डॉक्टरांनी एडीएचडी सांगितला, म्हणजे लक्ष न टिकण्याचा आणि चंचलपणाचा आजार. वस्तू हरवतो का, सांगितलेलं अर्ध्यात सोडतो का, समोर असून ऐकत नाही असं होतं का, असं ते एकेक विचारत होते आणि मला वाटत होतं, हे तर माझंच चाललंय. शाळेत मी अशीच होते. आजही दर महिन्याला माझी रजिस्टरं मागे राहतात, मोबाइलवरच्या पोषण ट्रॅकर अॅपच्या नोंदी रात्री भरते नाहीतर राहूनच जातात. बिटाच्या, म्हणजे आमच्या भागातल्या अंगणवाड्यांच्या, बैठकीत पर्यवेक्षिका मॅडम सगळ्यांसमोर म्हणतात, “हिच्या डोक्यात भुसा भरलाय.” घरी दूध उतू गेलं की सासूबाई म्हणतात, “इचं ध्यानच नाई राहत, मंग लेकरू तरी कसं सुधरन?” मोठ्या माणसाला हा आजार असतो का, की मी आपली कारणं शोधते आहे? तपासून घेतलं तर वेडी ठरवून कामावरून काढतील का? मॅडमला सांगू का? कधी कधी वाटतं, आपण कशाच्याच कामाच्या नाही.’

ताई,

मोठ्या माणसाला एडीएचडी असतो. तो लहानपणी सुरू होतो, पण वय वाढलं म्हणून सगळ्यांचा जातोच असं नाही. जगभरातले अभ्यास एकत्र पाहिले तर शंभर मोठ्या माणसांत दोन-तीन जणांना तो असतो. मुलाच्या तपासणीच्या वेळी आईला किंवा बापाला स्वतःची ओळख पटणं डॉक्टरांच्या रोजच्या पाहण्यातलं आहे. एडीएचडी घराण्यातून येतो. जुळ्या भावंडांवरच्या अभ्यासांत माणसामाणसांतल्या फरकाचा सुमारे ७४ टक्के वाटा आनुवंशिकतेचा निघाला आहे, म्हणजे जवळपास उंचीइतका. तुमच्या उतू गेलेल्या दुधाने लेकरू असं झालेलं नाही, हे सासूबाईंना निवांत वेळ पाहून नक्की सांगा.

हे नवं फॅडही नव्हे. लक्ष न टिकण्याचं वर्णन अलेक्झांडर क्राइटन या स्कॉटिश डॉक्टरांनी १७९८ साली लिहून ठेवलं. मुलांमधला हा प्रकार लंडनच्या जॉर्ज स्टिल यांनी १९०२ साली व्याख्यानांतून मांडला. मोठ्या माणसांकडे मात्र फार उशिरा लक्ष गेलं, आणि बायकांकडे त्याहून उशिरा. वर्गात उड्या मारणारा पोरगा मास्तरांना दिसतो. खिडकीबाहेर बघत गप्प बसलेली पोरगी कोणाला त्रास देत नाही, म्हणून ती दिसतच नाही. तिच्या प्रगतिपुस्तकावर ‘हुशार आहे, पण लक्ष देत नाही’ एवढा शेरा येतो. लग्न झाल्यावर घर, लेकरू, वावर आणि नोकरी एकदम अंगावर येतात, आणि तोवर कसंबसं निभावलेलं उघडं पडतं.

आता तुमच्या ‘कारणं शोधते आहे का’ या प्रश्नाकडे येऊ. कपाळामागच्या मेंदूच्या भागाकडे काम सुरू करणं, मधली पायरी लक्षात ठेवणं, वेळेचा अंदाज घेणं आणि आलेली लहर आवरणं ही कामं असतात. तिथे डोपामिन आणि नॉरअॅड्रेनालिन या दोन रसायनांचा कारभार चालतो. एडीएचडीत तो वेगळा चालतो. त्यामुळे लक्ष कमी नसतं, ते हवं तिकडे वळवता येत नाही. अशी बाई पोळ्याच्या तोरणासाठी तीन तास मान वर न करता बसू शकते आणि लेकरांच्या वजन-उंचीच्या वृद्धीपत्रकापुढे दहा मिनिटं टिकत नाही. बघणाऱ्याला वाटतं, मनात आलं तर करते, म्हणजे ही कामचोर. एडीएचडीच्या माणसावर सगळ्यात जास्त अन्याय याच एका समजुतीने होतो, आणि माणूस स्वतःही तीच समजूत धरून बसतो. मन लावणं हाताबाहेर आहे. काम कसं मांडून घ्यायचं हे मात्र पुष्कळसं हातात आहे, आणि पुढचं बरंचसं उत्तर त्याबद्दलच आहे.

तरी, पत्रावरून आम्ही निदान करणार नाही. वस्तू हरवणं, विसरणं, लक्ष न लागणं याला इतरही कारणं असतात. रक्त कमी असणं, थायरॉइड, बी-१२ कमी असणं, रोजची अपुरी झोप, झोपेत श्वास अडकणं, उदासी, सततची काळजी, ही सगळी असंच दिसतात. आपल्याकडच्या बायकांत हिमोग्लोबिन कमी असणं तर फारच आढळतं. म्हणून डॉक्टर आधी रक्त तपासतात आणि झोपेबद्दल विचारतात. एडीएचडी दाखवणारी रक्ताची किंवा मेंदूच्या फोटोची तपासणी अजून नाही. निदान विचारपूस करूनच होतं. मोठ्यांसाठीचा निकष असा: लक्ष न लागण्याच्या नऊ खुणा आणि चंचलता-उतावळेपणाच्या नऊ खुणा, यांपैकी एका गटातल्या किमान पाच असाव्यात, त्या किमान सहा महिने टिकलेल्या असाव्यात, त्यांतल्या काही वयाच्या बारा वर्षांच्या आत दिसलेल्या असाव्यात, घर आणि काम अशा किमान दोन ठिकाणी दिसाव्यात आणि त्यांनी खरोखर अडत असावं. शेवटच्या दोन अटी महत्त्वाच्या आहेत. फक्त मॅडमच्या बैठकीतच गोंधळ होत असेल तर कारण मॅडमच्या बैठकीतही असू शकतं.

जागतिक आरोग्य संघटनेची एएसआरएस नावाची अठरा प्रश्नांची यादी आहे. तिच्या पहिल्या सहा प्रश्नांवरून पुढे तपासायचं की नाही हे ठरतं. मोबाइलवर ती भरली आणि त्या सहांपैकी चार-पाच ठिकाणी ‘बरेचदा’ आलं, तर तपासायला जा. एवढ्यावरून मी एडीएचडीची, असं मात्र धरू नका.

जायचं मानसोपचार विभागात. यवतमाळचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय तुम्हाला जवळचं. नाहीतर सेवाग्रामचं कस्तुरबा रुग्णालय, सावंगी मेघेचं रुग्णालय, नागपूरचं मेडिकल किंवा मिहानमधलं एम्स. जाताना या गोष्टी न्या: शाळेची जुनी प्रगतिपुस्तकं मिळाली तर ती, कारण बारा वर्षांआधीचा पुरावा बहुधा तिथेच असतो. तुम्हाला लहानपणापासून ओळखणारं एक माणूस, आई किंवा थोरली बहीण, आणि येणं जमत नसेल तर त्यांना आधीच सांगून फोनवर बोलायला तयार ठेवा. कागदावर घरची पाच आणि कामावरची पाच उदाहरणं तारखेसकट लिहून न्या. ‘मला विसरायला होतं’ असं मोघम सांगितलं तर डॉक्टर चिंतेची गोळी लिहून देऊन मोकळे होण्याची भीती असते. ‘१२ तारखेला गरोदर बाईचं वजन चिठ्ठीवर लिहिलं, चिठ्ठी हरवली, पुन्हा दोन किलोमीटर जावं लागलं’ असं सांगितलं तर नेमकं कळतं. चालू असलेल्या सगळ्या गोळ्या, पाळी, पाळणा लांबवायचे उपाय, अंगावर पाजणं, घरात कोणाला हृदयाचा आजार किंवा मनाचा मोठा आजार, हेही सांगा. दोन-तीन फेऱ्या लागतील असं धरून चला.

औषध लागलं तर दोन नावं कानावर पडतील. मिथाइलफेनिडेट अर्ध्या ते एका तासात काम करू लागतं, आणि साधी गोळी चारेक तास पुरते. ते शेड्यूल एक्स या कडक नियमांच्या औषधांच्या यादीत आहे. विकायला दुकानदाराला वेगळा परवाना लागतो, चिठ्ठीच्या दोन प्रती लागतात आणि त्यांतली एक दुकानदाराकडे राहते. म्हणून तालुक्याच्या प्रत्येक दुकानात ते मिळेल असं धरू नका. रुग्णालयातून निघण्याआधीच ‘हे कुठे मिळेल’ असं विचारून घ्या. दुसरं अॅटोमोक्सेटिन. ते रोज घ्यावं लागतं आणि फरक जाणवायला चार ते सहा आठवडे लागतात. पुष्कळ जण आठव्या दिवशी ‘काहीच होत नाही’ म्हणून ते सोडतात आणि सगळं वाया जातं. दोन्हींनी भूक कमी होऊ शकते, नाडी आणि रक्तदाब वाढू शकतो, म्हणून सुरू करण्याआधी आणि नंतरही ते मोजावं लागतं. आणि एक कळकळीने सांगतो: पोराच्या औषधातली गोळी ‘बघू तरी’ म्हणून घेऊ नका. त्याचं प्रमाण त्याच्या वजनासाठी ठरवलेलं असतं आणि तुमचं हृदय अजून तपासलेलं नाही.

नोकरीची भीती. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ साली झाला आणि २९ मे २०१८ पासून लागू आहे. त्याच्या कलम ३ प्रमाणे मानसिक आजाराचं निदान झालं एवढ्यावरून कोणी विकल मनाचं, म्हणजे कायद्याने वेडं, ठरत नाही. ते ठरवायचं काम फक्त न्यायालयाचं आहे. कलम २३ प्रमाणे तुमची माहिती गुप्त ठेवणं डॉक्टरांवर आणि रुग्णालयावर बंधनकारक आहे. ती तुमच्या बालविकास प्रकल्प कार्यालयाला आपोआप जात नाही. अडचण आलीच तर ती निदानातून नव्हे, राहिलेल्या नोंदींतून येईल.

दुसरी बाजूही सांगायला हवी. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ मध्ये २१ प्रकार दिले आहेत. त्यांत एडीएचडीचं वेगळं नाव नाही. अध्ययन अक्षमता आहे, मानसिक आजार आहे, एडीएचडी नाही. सरकारी आस्थापनेने सवलतीची योग्य सोय करून द्यावी असं कलम २० म्हणतं. ते तुम्हाला लावून घ्यायचं तर मानसिक आजार या नावाखाली वैद्यकीय मंडळाची तपासणी लागेल, दिव्यांगत्वाची टक्केवारी लागेल, शिवाय सेविकेचं काम मानधनावरचं, हा वाद वेगळाच. एडीएचडीने रोज अडणाऱ्या माणसाला कायद्यात नावही नसावं, हे आम्हाला चुकीचं वाटतं. पण आज वस्तुस्थिती ती आहे. त्यामुळे ‘प्रमाणपत्र काढून देतो’ म्हणणाऱ्या दलालाला एक रुपयाही देऊ नका.

मग मॅडमला सांगायचं का? आमचं मत: आजाराचं नाव आत्ता सांगू नका, सोय मागा. नाव एकदा बाहेर पडलं की ते परत घेता येत नाही, आणि ज्या बैठकीत भुसा म्हटलं जातं तिथे ते पुढच्या महिन्यात टोमणा होऊन परत येईल. सोय मागायला नाव लागत नाही. बैठकीच्या गर्दीत बोलू नका. मॅडम भेटीला येतील त्या दिवशी, लेकरं घरी गेल्यावर बोला. साधारण असं:

‘मॅडम, तोंडी सांगितलेल्या दोन-तीन गोष्टी एकदम असल्या की माझी एखादी सुटते. काम मला करायचंच आहे. बैठकीत सांगितलेलं काम आणि तारीख ग्रुपवर लिहून टाकाल का? आणि महिन्याच्या अहवालाच्या चार दिवस आधी मी तुम्हाला अर्धा भरलेला दाखवीन, चूक असेल तर तेव्हाच सांगा. सगळ्यांसमोर बोललं की मला पुढचं काही सुचत नाही, एकटीला सांगा.’

तीनच मागण्या, एकीलाही पैसा लागत नाही. मॅडमनी ऐकलं तर प्रश्न मिटला. बैठकीत पुन्हा अपमान झाला तर घरी येऊन तारीख, ठिकाण, शब्द आणि कोण हजर होतं ते वहीत लिहा. दोन-तीनदा झालं तर याच मागण्या अर्जात लिहून बालविकास प्रकल्प अधिकाऱ्यांकडे द्या, आणि आपल्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घेतल्याशिवाय हलू नका. संघटनेच्या सदस्य असाल तर अर्ज देताना सोबत एक जण घ्या.

हे उत्तर पर्यवेक्षिकाही वाचत असतील, म्हणून चार वाक्यं त्यांच्यासाठी. अशा सेविकेचं काम कमी करू नका, आणि ‘हिला जमत नाही’ म्हणून चांगलं काम दुसरीकडे देऊ नका. तोही अपमानच असतो. काम तेवढंच ठेवा, ते देण्याची रीत बदला: एका वेळी एक, लिहून, तारखेसकट, मध्ये एकदा विचारपूस. चूक दिसली की त्याच दिवशी आणि एकटीला सांगा, कारण महिनाभराने सांगितलेली चूक तिला आठवतही नाही आणि सुधारताही येत नाही. आणि गृहभेटीत रडणाऱ्या बाळंतिणीला समजावणं, सॅमच्या, म्हणजे अतितीव्र कुपोषित, लेकराची आई नाही म्हणत असताना तिला दवाखान्यापर्यंत नेणं, हे ती करत असेल तर तेही बैठकीत सगळ्यांसमोर सांगा.

आता तुमच्या हातातलं. नोंद राहते कुठे, ते नीट पाहू. लेकराचं वजन होतं, आकडा चिठ्ठीवर किंवा हातावर लिहिला जातो, ‘ट्रॅकरवर नंतर भरू’ असं होतं, तेवढ्यात कोणी हाक मारतं, चिठ्ठी हरवते. दोष त्या ‘नंतर’मध्ये आहे. तेव्हा चिठ्ठी बंदच करा. एक लांब वही घ्या, तिला भोक पाडून सुतळी ओवा आणि वजनकाट्याच्या शेजारी खुंटीला बांधा. पेनही सुतळीने तिथेच बांधा. वहीत आधीच लेकरांची नावं लिहून ठेवा, म्हणजे त्या वेळी फक्त आकडा लिहायचा राहील. पाच लेकरं झाली की थांबा, पाचही नोंदी मोबाइलमध्ये भरा, मगच सहावं लेकरू घ्या. रेंज नसेल तर ज्यांच्या नोंदी राहिल्या त्यांच्या नावापुढे गोल करा, आणि नोंद केली की तो गोल पेनाने भरा. गोल भरलेला दिसला म्हणजे नोंद झाली. टीएचआर, म्हणजे घरी न्यायचा आहार, वाटताना पाकीट हातात देण्याआधी सही घ्या. उलट क्रमाने केलं की चार सह्या राहतातच.

महिन्याचा अहवाल एका रात्री करायला बसू नका. त्याचे भाग पाडा: हजेरी, वजन-उंची, गरोदर-स्तनदा, आहार, गृहभेटी. प्रत्येक भागाला एक दुपार, आणि शेवटची दुपार रिकामी ठेवा, कारण एक तरी दुपार बुडणारच. एकटीने बसण्यापेक्षा मदतनीस ताईंना किंवा शेजारच्या गावच्या सेविकेला सोबत बसवा. तिने तुमचं काही करायचं नाही, तिने तिचं रजिस्टर लिहायचं. शेजारी कोणी काम करत असलं की आपलंही मन जाग्यावर राहतं. हा उपाय एडीएचडीत फार कामाचा आहे, आणि फुकट आहे. पंचवीस मिनिटं लिहायचं, पाच मिनिटं उठायचं. पंचवीस जमत नसतील तर पंधरापासून सुरू करा.

वेळेचा अंदाज तुमचा चुकणार, हे मान्य करून टाका. अर्धा तास वाटेल तिथे पाऊण तास धरा. बैठकीच्या दिवशी एक गजर पुरत नाही, दोन लावा: पहिला ‘हातातलं ठेव’ आणि दुसरा ‘दाराबाहेर पड’. गजराची धून दर महिन्याला बदला, नाहीतर कान तिला ओळखून बंद करून टाकतात. बैठकीत सांगितलेलं लगेच बोलून दाखवा: ‘म्हणजे मॅडम, शुक्रवारपर्यंत सहा महिन्यांखालच्या बाळांची यादी, बरोबर?’ यात लाज नाही, आणि मॅडमनाही स्वतः काय मागितलं ते ठरवावं लागतं.

घरी. दूध गॅसवर ठेवलं की तिथून हलायचं नाही, आणि हलायचंच असेल तर गॅस बंद करूनच. मध्यम आच किंवा ‘लक्ष ठेवीन’ हे पर्याय तुमच्यासाठी नाहीत. भाजी निवडायची ती दूध तापताना, तिथेच उभं राहून. किल्ली, चष्मा, मोबाइल यांना दाराजवळ एकच खुंटी आणि एकच टोपली. वावरात फवारणी असेल तर औषधाचं प्रमाण मनात धरून टाकी भरू नका, डब्यावरचं वाचून घरच्यांना मोठ्याने सांगा आणि मगच मिसळा. यवतमाळ जिल्ह्यात २०१७ साली फवारणीच्या विषबाधेने किती घरं बसली ते आपण पाहिलं आहे. पीकविम्यासारखी तारखेची कामं घरधन्यांकडे द्या आणि बदल्यात त्यांचं एखादं काम घ्या. अशी मुदत विसराळू डोक्यावर सोडायची नसते. ही कामाची अदलाबदल आहे, मेहरबानी नव्हे, असं दोघांनीही धरा. त्यांनी तुम्हाला दिवसातून दहा वेळा आठवण करून देणं सुरू केलं तर महिन्याभरात ते मास्तर आणि तुम्ही शाळकरी पोर होऊन बसाल. आठवण करून द्यायचं काम खुंटीला, वहीला आणि गजराला द्या.

‘आपण कशाच्याच कामाच्या नाही’ हे वाक्य तुम्ही शेवटी, जाता जाता लिहिलं आहे. आम्ही ते सगळ्यात आधी वाचलं. वीस-पंचवीस वर्षं रोज बोलणी खाल्ली की माणसाला असं वाटू लागतं. एडीएचडीसोबत उदासीचा आजार येणंही नेहमीचं आहे, आणि त्याला वेगळा उपचार आहे. हे वाक्य डॉक्टरांना जसंच्या तसं सांगा. जगणं नको असं मनात आलं तर तपासणीच्या तारखेची वाट पाहू नका. टेलिमानसचा १४४१६ हा क्रमांक फुकट आहे, दिवसरात्र चालू असतो आणि मराठीत बोलता येतं. शेजारच्या आशाताईंनाही त्याच वेळी बोलवा.

पोराची पुढची तारीख कधी आहे ते आज कागद काढून पाहा. त्याच रुग्णालयात मानसोपचाराची ओपीडी कोणत्या वारी असते ते फोनवर विचारा आणि दोघांची तारीख एकाच दिवशी मागा, म्हणजे एसटीचं भाडं आणि एक रजा वाचेल. निघताना केसपेपर दोन काढायचे, एक त्याच्या नावाचा आणि एक तुमच्या.